वेबपृष्ठावरील भावंडे : एका नात्याचा इतिहास

शहागंजच्या मोठ्या बाजारचौकात उभ्या असलेल्या मशिदीचे वर्णन 1884 साली प्रसिद्ध झालेल्या औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आले आहे. इमारत इ. स. 1720 च्या सुमाराची. ती एका उंच चौथऱ्यावर उभारलेली असून चौथऱ्याच्या तीन बाहेरील बाजूंना दुकाने आहेत आणि चौथी, म्हणजे उत्तरेची, बाजू मोकळी असून तिकडून पायऱ्या चढून वर जाता येते, असे गॅझेटियरकार सांगतो. या रचनेत एक मौज आहे. पूर्वेच्या ओळीत बसणाऱ्या दुकानदारास पश्चिमेच्या ओळीतील दुकान आपल्या जागेवरून दिसणे शक्य नाही. तरीही ती दोन्ही दुकाने एकाच चौथऱ्याच्या आश्रयाची. उलट रस्त्यापलीकडचे दुकान हाकेच्या अंतरावर असते, दिवसभर डोळ्यांसमोर असते. पण त्याचा चौथरा निराळा. शेजार आणि नाते या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि डोळ्यांना प्रथम दिसतो तो शेजार.

वेबपृष्ठावरील एखाद्या घटकाची भावंडे जावास्क्रिप्टच्या साहाय्याने कशी निवडावीत, हा प्रश्न प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढे पाव शतकाहून अधिक काळ आहे. वरवर पाहता तो केवळ तांत्रिक, एका ओळीत निकालात निघणारा. तथापि त्याचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते की, भावंड कोणाला म्हणावे याविषयीच मानके ठरविणाऱ्यांत, ब्राउझर घडविणाऱ्यांत आणि लेखकांत दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. आणि पडद्यावर जवळजवळ दिसणाऱ्या वस्तूंना भावंडे समजण्याची चूक या इतिहासात पुनःपुन्हा घडलेली आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. संगणकशास्त्रात वृक्षाकार रचनेचे वर्णन कुटुंबाच्या भाषेत करण्याची रीत जुनी आहे. डोनाल्ड कनूथ यांच्या प्रसिद्ध ग्रंथाचा पहिला खंड 1968 साली निघाला, तेव्हा त्यात पिता, पुत्र व बंधू अशी पुरुषवाचक योजना होती. 1997 च्या तिसऱ्या आवृत्तीत तिच्या जागी जनक, अपत्य आणि भावंड या अर्थाचे लिंगनिरपेक्ष शब्द आले. इंग्रजीत भावंडवाचक शब्द मुळात जुना, पण वापरातून गेलेला; विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रीय लेखनाने तो पुन्हा उचलला. मराठीला ही यातायात करावी लागली नाही. ‘भावंड’ हा नपुंसकलिंगी शब्द घरोघरी आहेच. त्याबरोबर थोरले आणि धाकटे हा भेदही आहे, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे या विषयात तो भेद फार कामी येतो.

भावंडे असावयाची तर आधी देह असावा लागतो. सर्न येथे टिम बर्नर्स-ली यांनी वेबची उभारणी केली, त्या प्रारंभीच्या एचटीएमएलमध्ये परिच्छेदाची खूण ही दोन मजकुरांमधील विभाजक होती. परिच्छेदाला स्वतःचा आरंभ व अंत असलेले अस्तित्व नव्हते. दोन शेतांमधला बांध म्हणजे शेत नव्हे, तसाच हा प्रकार. नोव्हेंबर 1995 मध्ये एचटीएमएल 2.0 चे मानक प्रसिद्ध झाले, त्यात परिच्छेद हा मजकूर पोटात बाळगणारा घटक म्हणून मांडला गेला. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती अवघ्या दहा दिवसांत तयार केली. मात्र त्या भाषेला दिसणारे पृष्ठ अगदी तोकडे होते. पृष्ठावरील अर्ज, अर्जांतील रकाने, दुवे आणि लवकरच चित्रे, एवढ्यांच्याच क्रमवार याद्या तिच्या हाती होत्या. तिसरा अर्ज कोणता हे तिला सांगता येई. त्या अर्जाच्या आधी कोणता परिच्छेद आहे हे विचारण्याची सोय नव्हती. ती हजेरीपटाची भाषा होती. 1997 साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने पृष्ठावरील प्रत्येक घटक प्रोग्रामला खुला केला आणि घटकाची अपत्ये व जनक विचारण्याची सोयही दिली. पण ती त्या एका ब्राउझरची घरगुती व्यवस्था होती. नेटस्केपची व्यवस्था वेगळीच होती, आणि एकासाठी लिहिलेले दुसऱ्यात चालत नसे.

या दुहीतून मार्ग काढण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 1 ऑक्टोबर 1998 रोजी डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल, म्हणजेच डॉम, याचा पहिला स्तर शिफारस म्हणून प्रसिद्ध केला. प्रस्तुत विषयाचा खरा आरंभ येथे होतो. या मानकाने प्रत्येक नोडला नात्याचे सहा धागे दिले: जनक, सर्व अपत्यांची यादी, पहिले अपत्य, शेवटचे अपत्य, मागचे भावंड आणि पुढचे भावंड. ही मांडणी बारकाईने पाहिली पाहिजे. ‘माझी सर्व भावंडे’ असा धागा तिच्यात नाही. तो पुढेही कधी आला नाही. डॉमच्या आजच्या मानकातही तो नाही. एखाद्या घटकाची सर्व भावंडे हवी असतील तर जनकाकडे जावे, त्याची सर्व अपत्ये मागावीत आणि त्यांतून स्वतःला वगळावे, एवढाच राजमार्ग आहे. भावंडपण हे घटकाजवळ साठविलेले नसून जनकावरून अनुमानिलेले असते.

याचे कारण वृक्ष साठविण्याच्या जुन्या रीतीत सापडते. कोणत्याही घटकाला किती अपत्ये होतील हे आधी ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक घटकाजवळ फक्त आपले पहिले अपत्य व आपले पुढचे भावंड एवढीच खूण ठेवली, तर कितीही फोफावलेला वृक्ष दोनच दुव्यांनी बांधता येतो. कनूथ यांच्या ग्रंथात या तुल्यतेची चर्चा आहे. डॉमच्या धाग्यांत हीच रीत थोडी विस्तारलेली दिसते. संपूर्ण यादी प्रत्येक भावंडाजवळ स्वतंत्रपणे ठेवावयाची झाली असती, तर एक नवे अपत्य जन्मताच सर्वांच्या याद्या दुरुस्त कराव्या लागल्या असत्या. न ठेवण्यातच शहाणपण होते. परंतु या शहाणपणाचा एक परिणाम असा की, जनक नसलेल्या घटकाला भावंडे असूच शकत नाहीत. प्रोग्रामने नुकताच निर्माण केलेला आणि पृष्ठात अद्याप न बसविलेला घटक हा या अर्थाने निपुत्रिक नव्हे, पण पोरका असतो. त्याला भावंडे विचारणारा प्रोग्राम तेथेच अडखळतो.

मानक झाले, पण भांडण मिटले नाही. उलट ते अशा ठिकाणी उपटले की जेथे कोणाची दृष्टी गेली नव्हती: रिकाम्या जागेत. लेखक एचटीएमएल लिहिताना वाचनाच्या सोयीसाठी एका घटकानंतर नवी ओळ घेतो, चार अक्षरे आत सरकतो आणि मग पुढचा घटक लिहितो. ही मधली मोकळी जागाही अक्षरेच होत. तेव्हा डॉमच्या काटेकोर अर्थाने तो एक मजकूर-नोड ठरतो आणि दोन घटकांमध्ये भावंड म्हणून येऊन बसतो. मोझिलाच्या परंपरेतील ब्राउझरांनी हा अर्थ पाळला. इंटरनेट एक्सप्लोररने मात्र आठव्या आवृत्तीपर्यंत घटकांमधील अशी निव्वळ रिकामी जागा बहुधा वृक्षात घेतलीच नाही. परिणाम असा झाला की, यादीतील पहिल्या कलमाला ‘पुढचे भावंड कोण’ असे विचारले असता एक ब्राउझर दुसरे कलम पुढे करी आणि दुसरा ब्राउझर ओळ तोडल्याची खूण. पहिल्या ब्राउझरवर तपासून निर्दोष ठरलेला प्रोग्राम दुसऱ्यावर कोसळे. आणि लेखकाने सर्व कलमे एकाच ओळीत, मध्ये जागा न सोडता लिहिली की तोच प्रोग्राम दोन्हीकडे सुरळीत चाले. ज्याला कारण ठाऊक नसे त्याला ही भुताटकी वाटावी, यात नवल नाही.

या वादात दोष कोणाचा, याचा निवाडा सोपा नाही. मोझिलाच्या बाजूने मानकाचे शब्द होते. मायक्रोसॉफ्टच्या बाजूने लेखकाचा हेतू होता. कारण ओळ तोडताना नवे भावंड जन्माला घालण्याचा विचार कोणाही लेखकाच्या मनात नसतो. तरीही मानकाचा पक्ष अधिक सबळ मानावा लागतो. रिकामी जागा सर्वत्र निरर्थक नसते. ओळीतील दोन ठळक शब्दांमधली जागा गाळली तर शब्द एकमेकांस चिकटतील. कोणती जागा अर्थपूर्ण आणि कोणती नाही हे वृक्ष बांधतानाच ब्राउझरने ठरविणे म्हणजे हस्तलिखिताच्या नकलकाराने मजकूर आपल्या मताने दुरुस्त करण्यासारखे आहे. शिवाय इंटरनेट एक्सप्लोररही आपल्या तत्त्वाशी प्रामाणिक नव्हता: केवळ घटक देणाऱ्या त्याच्या अपत्यांच्या यादीत लेखकाच्या टिपणांचे नोडही शिरत.

व्यवहारात लोकांनी उपाय शोधला. प्रत्येक नोडला जातिदर्शक अंक असतो: घटकाचा 1, मजकुराचा 3, टिपणाचा 8. पुढच्या भावंडाकडे जावे, अंक 1 नसेल तर आणखी पुढे जावे, असे छोटेसे चक्र शेकडो प्रोग्रामांत हाताने लिहिले जाऊ लागले. ही पुनरुक्ती संपविण्याचे श्रेय लायब्रऱ्यांना, आणि त्यांतही जेक्वेरीला, द्यावे लागते. जॉन रेसिग यांनी ती जानेवारी 2006 मध्ये न्यूयॉर्क येथील बारकॅम्प मेळाव्यात सादर केली आणि तिची 1.0 आवृत्ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघाली. तिच्यात ‘सिब्लिंग्ज’ या नावाची क्रिया होती. डॉमने न दिलेला शब्द येथे प्रथमच सामान्य लेखकाच्या हाती आला. परंतु त्या शब्दाच्या आत डोकावल्यास काय दिसते? ती क्रिया घटकाच्या जनकाकडे जाते, त्याचे पहिले अपत्य घेते, पुढच्या-पुढच्या भावंडाच्या धाग्याने शेवटपर्यंत चालत जाते, अंक 1 नसलेल्यांना वगळते आणि मूळ घटकालाही वगळते. जनक नसलाच तर रिकामी यादी परत येते, ही पोरक्या घटकाची सोयही तिने केलेली आहे. म्हणजे नवीन ज्ञान काही नव्हते. होते ते नात्याचे नेमके नामकरण. आपण आपले भावंड नव्हे, हा निर्णयही येथे झाला. शिक्षकाने विद्यार्थ्याला ‘तुम्ही भावंडे किती?’ असे विचारले तर मूल स्वतःला धरून सांगते आणि ‘तुला भावंडे किती?’ असे विचारले तर स्वतःला सोडून. जेक्वेरीने दुसरा अर्थ पत्करला. या निवडीचा उपयोग रोजचा आहे: प्रश्नोत्तरांच्या यादीतील एक उत्तर उघडले की बाकीची मिटावीत, यासाठी स्वतःला वगळणारी यादीच हवी असते.

मानकाने ही उणीव भरून काढण्यास दहा वर्षे घेतली. 22 डिसेंबर 2008 रोजी ‘एलिमेंट ट्रॅव्हर्सल’ ही शिफारस निघाली आणि पुढचे घटक-भावंड, मागचे घटक-भावंड असे रिकामी जागा व टिपणे ओलांडून जाणारे धागे मिळाले. फायरफॉक्सने ते 2009 मध्ये, इंटरनेट एक्सप्लोररने नवव्या आवृत्तीत 2011 मध्ये स्वीकारले. तेव्हापासून रिकाम्या जागेचे भांडण अभ्यासकांपुरते उरले.

जावास्क्रिप्टला मागेपुढे दोन्हीकडे पाहता येत होते, पण पृष्ठाला रूप देणाऱ्या सीएसएसची गोष्ट निराळी होती. डिसेंबर 1996 च्या सीएसएस 1 मध्ये भावंडांची दखलच नव्हती. मे 1998 च्या सीएसएस 2 मध्ये अधिक चिन्हाने लगतचे धाकटे भावंड निवडण्याची सोय आली. पुढे तिसऱ्या स्तरात, जो 2011 साली शिफारस झाला, लहरीच्या चिन्हाने सर्व धाकटी भावंडे निवडता येऊ लागली. थोरल्यावरून धाकटा निवडता येई. धाकट्यावरून थोरला निवडता येत नसे. या एकतर्फी दृष्टीचे कारण वडीलधारेपणाचा आदर हे नव्हे. पृष्ठ वरून खाली, जसजसे जाळ्यावरून येते तसतसे रंगविले जाते. एखादा घटक सुरू झाला त्या क्षणी त्याचे जनक आणि थोरली भावंडे ठाऊक असतात. धाकटी अजून यावयाची असतात. थोरल्याचे रूप धाकट्यावर अवलंबून ठेवले तर एकदा रंगविलेले पुन्हा खोडून रंगवावे लागेल, ही भीती होती. एक्सएमएलसाठी 1999 साली निघालेल्या एक्सपाथच्या मानकात मागील व पुढील अशी दोन्ही दिशांची भावंडे होती, कारण तेथे सारा दस्तऐवज हाती आल्यावर प्रश्न विचारला जातो. सीएसएसमधील बंदी अखेर ‘हॅज’ या निवडकाने उठविली: मार्च 2022 मध्ये सफारीत, ऑगस्ट 2022 मध्ये क्रोममध्ये आणि डिसेंबर 2023 मध्ये फायरफॉक्समध्ये तो आला. ज्याच्या लगेच पुढे अमुक भावंड आहे असा घटक निवडावा, असे आता सीएसएसलाही सांगता येते, आणि पूर्वी केवळ या एका कामासाठी लिहावी लागणारी जावास्क्रिप्ट बऱ्याच ठिकाणी अनावश्यक झाली.

सीएसएसचे हेच निवडक जावास्क्रिप्टमधून वापरण्याची सोय 2008 च्या सुमारास ब्राउझरांत येऊ लागली. तिच्याविषयी एक गैरसमज मात्र विद्यार्थ्यांत अजूनही आढळतो. घटकावर ‘क्वेरी-सिलेक्टर-ऑल’ ही क्रिया चालविली असता ती त्या घटकाच्या वंशजांतच शोध घेते; तेव्हा घटकाकडूनच त्याची भावंडे मागितली तर यादी रिकामी येते. येथेही जनकाकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. आज रूढ असलेली रीत हीच आहे: जनकाची घटक-अपत्ये घ्यावीत, त्यांची साधी यादी करावी आणि स्वतःला गाळावे. साधी यादी करावी, हे शब्द महत्त्वाचे आहेत. जनकाची अपत्ये देणारी मूळ यादी जिवंत असते. वृक्ष बदलला की तीही बदलते. तिच्यावरून क्रमाने जात एकेक भावंड काढून टाकणारा प्रोग्राम प्रत्येक वेळी एक भावंड चुकवितो, कारण काढलेल्याच्या जागी पुढचे सरकलेले असते आणि प्रोग्राम त्याच्याही पुढे गेलेला असतो.

आतापर्यंतच्या विवेचनात वृक्ष लेखकाने लिहिल्याप्रमाणेच बांधला जातो असे गृहीत धरले. वस्तुस्थिती तशी नाही. लेखकाने तक्त्यात थेट ओळी लिहिल्या तरी ब्राउझर मध्ये एक तक्ता-देह घालतो, आणि ओळी तक्त्याच्या अपत्यांऐवजी नातवंडे होतात. असे दोन देह असतील तर त्यांतील ओळी पडद्यावर एकाखाली एक सलग दिसूनही परस्परांची भावंडे नसतात, चुलत भावंडे असतात. परिच्छेदाच्या पोटात ठोकळा लिहिला तर ब्राउझर परिच्छेद तेथेच बंद करतो आणि अपत्य म्हणून लिहिलेला ठोकळा भावंड होऊन बाहेर पडतो. तक्त्यात भलत्या ठिकाणी लिहिलेला मजकूर उचलून तक्त्याच्या आधी ठेवला जातो. अपत्य व्हावयाचे ते थोरले भावंड होते. एचटीएमएलच्या मानकात या शेवटच्या व्यवस्थेला मूल दुसऱ्या घरी वाढविण्याचे नाव आहे, आणि चुकीच्या क्रमाने मिटलेल्या खुणा सावरणाऱ्या दुसऱ्या एका पद्धतीला तर दत्तकसंस्थेचेच नाव दिलेले आहे. दत्तकाने वारसा कसा बदलतो हे साताऱ्याच्या 1848 च्या प्रकरणावरून ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नावांतील मर्म सांगावयास नको. हे नियम तपशिलाने बांधले जाऊन 2014 च्या एचटीएमएल 5 च्या शिफारशीत आले, तेव्हा कुठे सदोष पृष्ठावरूनही सर्व ब्राउझर एकच वृक्ष बांधू लागले. त्यापूर्वी भावंडे कोण हे प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने ठरवीत होता.

याची दुसरी बाजू रूपाची. सीएसएसच्या आधुनिक मांडणीत घटकांचा दिसण्याचा क्रम बदलता येतो. वृक्षातील क्रम मात्र तसाच राहतो. डोळस वाचकाला पडद्यावरील शेजार दिसतो, तर पृष्ठ वाचून दाखविणाऱ्या साधनाचा आधार घेणाऱ्या अंध वाचकाला सामान्यतः वृक्षातला क्रम ऐकू येतो. शहागंजच्या चौथऱ्याचा दाखला येथे शब्दशः लागू पडतो: एकाला समोरचे दुकान दिसते, दुसऱ्याला ओळीतले पुढचे सांगितले जाते, आणि लेखकाने दोहोंचा मेळ घातला नसेल तर दोघे वेगवेगळ्या बाजारातून फिरतात.

मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण मराठी विकिपीडियाचे आहे. 2003 साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशातील लेखात ‘इतिहास’, ‘भूगोल’ अशी मथळ्यांची मांडणी असते आणि प्रत्येक मथळ्याखाली काही परिच्छेद असतात. वाचकाला परिच्छेद मथळ्याच्या पोटात आहेत असे वाटते. वृक्षात मात्र मथळा आणि त्याखालील परिच्छेद ही एकाच जनकाची अपत्ये, रांगेने उभी असलेली भावंडे होती. विभाग या नावाचा घटक वृक्षात नव्हताच. म्हणून ‘इतिहास’ हा विभाग मिटवावयाचा तर मथळ्यापासून निघून, पुढचा मथळा भेटेपर्यंत येणारी सर्व धाकटी भावंडे गोळा करावी लागत. जेक्वेरीच्या 1.4 आवृत्तीत 2010 साली या कामासाठी खास क्रियाही आली. विकिपीडियाच्या सदस्यांनी लिहिलेल्या अनेक छोट्या प्रोग्रामांची उभारणी या गृहीतावर होती.

2024 साली विकिपीडियामागील मीडियाविकी या प्रणालीने मथळ्यांची रचना बदलली. मथळा आता एका स्वतंत्र वेष्टनात ठेवला गेला आणि ‘संपादन’ हा दुवा, जो पूर्वी मथळ्याच्या पोटात होता, तो त्या वेष्टनात मथळ्याशेजारी आला. पडद्यावर फरक जवळजवळ नाही. वृक्षात मात्र मथळ्याला आता एकच घटक-भावंड उरले, तो संपादनाचा दुवा; कालपर्यंत भावंडे असलेले परिच्छेद जनकाची भावंडे, म्हणजे मथळ्याचे काका झाले. मथळ्यापासून पुढची भावंडे गोळा करणाऱ्या जुन्या प्रोग्रामांच्या हाती परिच्छेद लागेनात. बदल सर्व रूपांत एकाच दिवशी झाला नाही, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांना दोन्ही रचना धरून लिहावे लागले: मथळ्याचा जनक ते नवे वेष्टन आहे काय, हे आधी पाहावयाचे, असेल तर एक पायरी वर चढून वेष्टनाची भावंडे मोजावयाची, नसेल तर मथळ्याचीच.